पान : त्याची रचना, काम व रूपांतरें

महसूल खात्यांतील कारकुनींत माझीं तीस वर्षें गेलीं. ह्या काळांत पीकपाहणीच्या, पैसेवारीच्या व पंचनाम्याच्या कागदांवर ज्वारी, बाजरी, हरभरा, कांदा, ऊंस हे शब्द मीं किती वेळां लिहिले असतील त्याची गणती नाहीं. गांव नमुना बारामध्यें पिकाचें नांव, क्षेत्र आणि पाण्याची सोय एवढें नोंदलें म्हणजे पिकाची ओळख पुरी झाली, अशी आमची समजूत. पैसेवारीच्या वेळीं सर्वांची नजर कणसावर असे. पानाकडे कोणी पाहत नसे, मीही पाहिलें नाहीं. तें पाहण्याची बुद्धि एका नुकसानींतून झाली. ती हकीकत प्रथम सांगतों.

सन २०१८ सालीं पावसानें दगा दिला व ऑक्टोबरअखेर शासनानें राज्यांतील १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. आपल्या नगर जिल्ह्यांतील बहुतेक तालुके त्यांत होते. कर्जत तालुक्यांतील आमच्या गांवीं धाकट्या बंधूंनीं जेमतेम ओलीवर मालदांडी ज्वारी पेरली होती. ज्वारी पोटरींतून बाहेर पडत असतां घरांतील वैरण संपली. छावण्या अजून निघाल्या नव्हत्या. मी रजेवर गेलों होतों. दावणीस दोन बैल व एक गाय. तेव्हां उभ्या ज्वारीचा हिरवा पाला ओरबाडून जनावरांस घालावा, कणसें तर जागच्या जागीं राहतीलच, असा सल्ला मींच दिला. आमची चुलती बांधावर बसली होती. ती म्हणाली, "आरं, ताटाची चूलच उपटून न्यायला लागलात, आता कणसाला शिजवून कोण घालणार?" आम्हीं ऐकलें नाहीं, पण तिनें बांधाकडच्या आठ ओळींस मात्र कोणास हात लावूं दिला नाहीं. पुढें खुडणी झाली. आम्हीं ओरबाडलेल्या ओळींतील कणसें लांबीला बरीं, परंतु दाणा बारीक व पोचट. चुलतीच्या आठ ओळींतील दाणा त्याच बियाण्याचा, त्याच पावसाचा, आणि तरी टपोरा. बांधाकडे ओल थोडी अधिक असते हें मला मान्य आहे. पण तेवढा सगळा फरक ओलीचा नव्हता.

चुलतीला अक्षर येत नाहीं. तिनें पानाला चूल म्हटलें. शास्त्राचीं पुस्तकें चाळल्यावर मला दिसलें कीं तीं हेंच म्हणतात, फक्त शब्द मोठे वापरतात.

आतां पान कशास म्हणावें तें पाहूं. झाडाच्या खोडाला किंवा फांदीला ज्या ठिकाणीं पान फुटतें त्यास पेर म्हणतात. पानाचा बुडखा, देठ व पातें असे त्याचे तीन भाग. ज्वारी, ऊंस, गहूं ह्या तृणजातींत देठ नसतो. त्याऐवजीं बुडखाच रुंद होऊन कांडीला म्यानासारखा गुंडाळतो. परंतु पानाची खरी खूण आकारांत नाहीं, ती त्याच्या बगलेंत आहे. पान जेथें फांदीस चिकटतें तेथें वरच्या बाजूस एक डोळा असतो. उंसाचें पाचट काढलें कीं प्रत्येक कांडीवर डोळा दिसतो, व तोच आपण बेण्यासाठीं लावितों. तो डोळा पानाच्या बगलेंतलाच होय. ही एक खूण धरली म्हणजे पुष्कळ घोटाळे मिटतात. कडुनिंबाची ज्याला आपण पानें म्हणतों तीं एकेकटीं पानें नव्हेत, कारण त्यांच्या बगलेंत डोळा नसतो; तीं सर्व मिळून ज्या काडीवर लागतात ती काडी धरून एक पान होतें, व डोळा त्या काडीच्या बुडाशीं सांपडतो. शेवग्याचें पान ह्या हिशेबानें हातभर लांब असतें. बाभळीचेंही तसेंच. फांदी कोठें संपते आणि पान कोठें सुरू होतें हें ज्याला कळलें त्याला छाटणी कोठें करावी हें निम्में कळलें.

पानाचा पातळसा आडवा काप सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं पाहिला तर वर व खालीं एकेक पारदर्शक कातडें दिसतें. त्यावर मेणाचा पातळ लेप असतो. ज्वारीच्या पानाच्या बुडख्यावर बोट फिरविल्यास जो पांढरा भुगा लागतो तें हेंच मेण. दोन्ही कातड्यांच्या मध्यें हिरव्या पेशी भरलेल्या असतात. रुंद पानाच्या झाडांत वरच्या अंगाच्या पेशी कुडाच्या काठ्यांप्रमाणें उभ्या व दाट, आणि खालच्या अंगाच्या विरळ, मध्यें हवेच्या पोकळ्या सोडून असतात. म्हणून पान वरून गडद व खालून फिकें दिसतें. शिरा म्हणजे नळ. त्यांतील एका जातीच्या नळ्यांतून मुळांनीं शोषलेलें पाणी व क्षार पानांत येतात, आणि दुसऱ्या जातीच्या नळ्यांतून पानांत तयार झालेलें अन्न खालीं मुळांकडे व वर कणसाकडे जातें. खालच्या कातड्याला बारीक बारीक तोंडें असतात. त्यांस पर्णरंध्रें म्हणतात. पुष्कळ झाडांत एका चौरस मिलिमीटर जागेंत तीं शंभरांहून अधिक भरतात. प्रत्येक तोंडाला दोन ओठांसारख्या पेशी असून त्या पाण्यानें फुगल्या म्हणजे तोंड उघडतें, व सैल पडल्या म्हणजे मिटतें.

ह्या तोंडांतून हवेंतील कर्बाम्ल वायु आंत जातो. पाणी खालून येतें. पेशींतील हिरवें द्रव्य सूर्याचा प्रकाश धरतें, आणि त्या प्रकाशाच्या बळावर पाणी व कर्बाम्ल वायु ह्यांची साखर बनते. प्राणवायु उरतो तो बाहेर पडतो. हा व्यवहार उजेडांत व झाडाच्या हिरव्या भागांतच होतो हें यान इंगेनहाउस ह्या वैद्यानें सन १७७९ मध्यें प्रयोगांनीं दाखविलें. आपणांस प्रयोगशाळेची गरज नाहीं. अंगणांतील गवतावर एक फळी आठ दिवस टाकून ठेवावी व उचलून पाहावें. खालचें गवत पिवळें पडलेलें दिसेल. उजेड नाहीं, तर हिरवेपणा नाहीं, आणि चूलही नाहीं.

येथवर सर्व फायदाच दिसतो; खर्च पुढें आहे. ज्या तोंडानें वायु आंत घ्यावयाचा त्याच तोंडानें पानांतील पाणी वाफ होऊन बाहेर जातें. मुळांनीं शोषलेल्या पाण्यापैकीं नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असें उडून जातें. पिकाच्या अंगीं लागतें तें फार थोडें. हें डोळ्यांनीं पाहावयाचें असेल तर सकाळीं दहा वाजतां भेंडीच्या एका डहाळीवर प्लॅस्टिकची कोरडी पिशवी घालून तोंड दोऱ्यानें घट्ट बांधावें, व दुसरी पिशवी कोरफडीच्या एका पानावर बांधावी. दुपारीं भेंडीच्या पिशवींत आंतून थेंब ओघळत असतील. कोरफडीची पिशवी जवळजवळ कोरडी राहील. तोंड उघडलें तर तहान, मिटलें तर भूक, असा झाडापुढें रोजचा पेंच आहे. निरनिराळ्या झाडांच्या पानांत जीं नवलाचीं रूपें दिसतात त्यांतलीं निम्मीं तरी ह्या एका पेंचांतून सुटण्यासाठीं झालेलीं आहेत.

आपली ज्वारी हा पेंच कसा सोडविते तें पाहण्यासारखें आहे. तिच्या पानाच्या वरच्या कातड्यांत मोठ्या, फुग्यासारख्या पेशींच्या रांगा असतात. पाणी कमी पडलें कीं ह्या पेशी प्रथम सैल पडतात व पान आंत वळून सुरळीसारखें होतें. मग ऊन व वारा लागण्याचें क्षेत्रच घटतें. दुपारीं वळलेलें पान संध्याकाळीं उलगडलें तर काळजीचें कारण नाहीं. परंतु सकाळीं सूर्य उगवण्यापूर्वींही पान वळलेलेंच दिसलें, तर जमिनींतील ओल संपत आली असें समजावें. विहिरींत एका पाळीपुरतें पाणी असेल तर तें द्यावयाची ती वेळ होय.

ज्वारीच्या पानांत दुसरीही एक युक्ति आहे, व ती बाजरी, मका आणि ऊंस ह्यांच्यांतही आहे. ह्यांच्या शिरांभोंवतीं हिरव्या पेशींचीं दोन कडीं असतात. बाहेरचें कडें कर्बाम्ल वायु पकडून त्याचें आम्ल करितें व आंतल्या कड्याकडे पोंचवितें. साखर आंतल्या कड्यांत बनते. त्यामुळें तोंड थोडें उघडलें तरी काम भागतें. ऑस्ट्रेलियांतील हॅच व स्लॅक ह्या शास्त्रज्ञांनीं उंसाच्याच पानावर काम करून सन १९६६ मध्यें हा मार्ग मांडला. गहूं, हरभरा, तूर, कापूस, कांदा ह्यांस ही सोय नाहीं. सारख्याच वजनाचें पीक तयार करण्यास त्यांना ज्वारी-बाजरीच्या जवळजवळ दुप्पट पाणी लागतें. येथें कोणी विचारील कीं, मग ऊंस पाण्याला इतका भारी कां? त्याचें पान काटकसरीचें आहे हें खरें. परंतु तो बारा महिने, आडसाली असल्यास अठरा महिने, शेतांत उभा राहतो व एवढें मोठें वजन करितो. पगार थोडा व नोकरी लांब, असा तो हिशेब आहे. प्रवरेच्या कालव्याखालच्या बागाईतदारास तो परवडेल. आम्हां जिराईतवाल्यांस परवडत नाहीं.

रूपांतरांचा विचार करण्यास आपला जिल्हा फार सोयीचा आहे. पश्चिमेस अकोले तालुक्यांत घाटघर येथें वर्षाला कित्येक हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तर कर्जत-जामखेडकडे पांचसहाशे मिलिमीटर पडला तरी आम्ही समाधान मानतों. एका टोकास पाणी झटकून टाकण्याची अडचण, दुसऱ्या टोकास तें राखण्याची. कर्जतजवळ रेहेकुरीस काळविटांचें अभयारण्य आहे. त्या बाजूच्या माळावर नेपतीचीं झुडपें दिसतात. कोणी तिला केर म्हणतात. तिला पानें येतात तीं फक्त कोंवळ्या फुटीवर, तींही बारीक, व लौकरच गळून जातात. एरवीं ती हिरव्या काटक्यांचा नुसता भारा. साखर करण्याचें काम त्या हिरव्या काटक्याच करितात.

निवडुंगानें तर हा प्रकार शेवटास नेला आहे. ज्यास आपण निवडुंगाचें पान म्हणतों तें चपटें, मांसल खोड आहे, आणि त्याचे कांटे हीं त्याचीं पानें. खोडावर कांट्यांच्या प्रत्येक झुबक्यापाशीं डोळा असतो. म्हणूनच तुकडा तोडून टाकला तरी नवा फुटतो, व बांधावरचा निवडुंग हटतां हटत नाहीं. दुष्काळांत त्याचे कांटे जाळून तो जनावरांस घालीत. कोरफड व घायपात मात्र दिसण्यांत निवडुंगाच्या जातीचीं वाटलीं तरी त्यांचीं पानें हीं खरींच पानें आहेत, पाणी सांठवून जाड झालेलीं. घायपाताचा वाख पानाच्या शिरांजवळील तंतूंचा. हीं तिन्ही झाडें आपलीं तोंडें दिवसा मिटून रात्रीं उघडतात, रात्रभर वायु आम्लाच्या रूपानें सांठवितात व दिवसा बंद दाराआड साखर करितात. भेंडीशेजारीं बांधलेली कोरफडीची पिशवी कोरडी कां राहिली, त्याचें उत्तर हें.

कांट्यांची गोष्ट निघाली म्हणून सांगतों. सर्व कांटे एका जातीचे नसतात. बाभळीचे व बोरीचे कांटे पानाच्या बुडाशीं जोडीनें येतात. ते उपपर्णांचे झालेले. लिंबाचा कांटा पानाच्या बगलेंत, म्हणजे डोळ्याच्या जागीं येतो. डाळिंबाची तर बारीक फांदीच टोंकाशीं कांटा होते, आणि त्या कांट्यावर कधीं कधीं पान फुटलेलेंही दिसतें. श्रीगोंद्याकडच्या लिंबूवाल्यांस व संगमनेर-राहात्याकडच्या डाळिंबवाल्यांस हें हातांनीं ठाऊक असेलच.

सामाजिक वनीकरणानें रस्त्यांच्या कडेला लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ पुष्कळांनीं पाहिली असेल. तिचीं लांब, विळ्यासारखीं पानें पाहून ही बाभूळ कशी, असा प्रश्न पडतो. तिचें नुकतें उगवलेलें रोप पाहावें. पहिलीं एक-दोन पानें आपल्या बाभळीसारखीं बारीक दलांचीं असतात. पुढें दलें नाहींशीं होत जातात व देठ चपटा होत जातो. तो विळा म्हणजे केवळ देठ आहे. मी रोपवाटिकेंत हें प्रथम पाहिलें तेव्हां दोन जातींचें बीं मिसळलें गेलें असावें असें समजून तेथील माळ्याशीं वाद घातला होता. माळी बरोबर होता.

कांद्याविषयीं थोडें सविस्तर लिहिणें भाग आहे, कारण आपल्याकडे अनेकांचें वर्ष त्याच्यावर चालतें. कांदा हें मूळ नव्हे, व खोडही नव्हे. बुडाची चपटी चकती, जिला मुळ्या फुटतात, तेवढेंच त्याचें खोड. बाकीचा सर्व कांदा म्हणजे पानांचे जाड झालेले बुडखे, एकांत एक बसलेले. वर जी पोकळ पात दिसते ती ह्याच पानांचें पातें. म्हणून कांदा पोसण्याच्या सुमारास पात जितकी निरोगी व भरपूर, तितका कांदा भरतो. पातीवर फुलकिडे किंवा करपा आला कीं नुकसान जमिनीखालीं होतें, व तें काढणीपर्यंत दिसत नाहीं. फुलकिडे पातींच्या बेचक्यांत लपतात, आणि पातीवर मेण असल्यामुळें औषधाचे थेंब घरंगळून जातात. फवाऱ्यांत चिकट द्रव्य घालण्यास सांगतात तें ह्यासाठीं. पोसणें संपलें कीं पात मानेंत मऊ होऊन आडवी पडते. निम्म्या माना पडल्या म्हणजे काढणी करावी. पाती कांद्याबरोबर वाळूं दिल्या तर त्यांतला रस खालीं उतरतो व मान बंद होऊन कांदा टिकतो. हिरवी मान कापून चाळींत टाकलेला कांदा कां सडतो, त्याचें कारण ही उघडी राहिलेली मान.

हरभऱ्याच्या पानाचें रूप बदललेलें नाहीं, परंतु त्यावर बारीक केंस असून त्यांतून आंबट रस पाझरतो. त्यांत मॅलिक व ऑक्झॅलिक हीं आम्लें असतात. पहाटे दंवांत पांढरें फडकें हरभऱ्यावरून ओढून पिळलें कीं आंब मिळते, व पोटदुखीवर ती घरोघरीं ठेवीत असत. घाटेअळीला ह्या आंबेनें पुरता आळा बसत नाहीं हें आपण दर वर्षीं पाहतोंच. वाटाण्याच्या पानाचीं शेंड्याकडचीं दलें तणावे होतात. अकोल्याच्या डोंगरांत पावसाळ्यांत फुलणाऱ्या कळलावीच्या पानाचें टोंकच तणाव्यासारखें वळतें व शेजारच्या झुडपास धरतें. द्राक्षाचा तणावा मात्र पानाचा नव्हे, तो फांदीचा. त्याच डोंगरांत ओल्या कातळांवर श्रावण-भाद्रपदांत सीतेची आसवें नांवाचीं निळीं-जांभळीं फुलें दिसतात. त्या इवल्या झाडाला ओल्या मातींत सूक्ष्म पिशव्या असून त्यांत पाण्यांतले बारीक जीव अडकतात. कातळावर नत्र थोडें, म्हणून ही सोय. पानफुटीचें तर जमिनीवर पडलेलें पानच कडेनें रोपें काढतें; डोळा पानाच्या बगलेंत असतो, पानावर नसतो, ह्या वर सांगितलेल्या नियमाला तो एक अपवाद.

आतां मूळ प्रश्न : पाला केव्हां काढावा व केव्हां काढूं नये. हरभऱ्याचा शेंडा पेरणीनंतर महिना-सव्वा महिन्यानें, फुलें येण्यापूर्वीं, खुडला तर खालच्या पानांच्या बगलेंतले डोळे जागे होऊन फांद्या वाढतात, आणि घरांत भाजीही होते. ह्यावरून आम्हांस वाटलें कीं ज्वारीचेंही तसेंच असेल. परंतु निसवलेल्या ज्वारीला नवी फांदी काढून नवीं पानें करण्यास ना वेळ, ना ओल. फुलोऱ्यानंतर कणसांत जो दाणा भरतो तो मुख्यतः वरच्या तीन-चार पानांच्या कमाईवर भरतो. आम्हीं हाताशीं आलीं म्हणून तींच ओढलीं. बुडाकडचीं पिवळीं पडलेलीं पानें काढल्यास पिकाचें फारसें नुकसान नाहीं. अवर्षणांत बाष्प कमी व्हावें म्हणून तीं काढावींत, व ताटांवर केओलिन ह्या पांढऱ्या मातीचें सहा ते आठ टक्क्यांचें पाणी फवारावें, अशी कृषितज्ज्ञांची शिफारसच आहे. वरचीं पानें मात्र दाणा पक्का होईपर्यंत राखावींत. दाणा कणसांतून काढून त्याचें बूड पाहावें. तेथें काळा ठिपका दिसला म्हणजे ताटाकडून दाण्याला येणारी वाट बंद झाली. त्यानंतर पाला काढल्यानें दाण्याचें कांहीं जात नाहीं.

वैरणीच्या टंचाईंत आणखी एक धोका असतो, तो पिकाचा नसून जनावराचा. गुडघ्याइतक्याही न वाढलेल्या किंवा पाण्यावांचून कोमेजलेल्या कोंवळ्या ज्वारीच्या पानांत, तसेंच कापणीनंतर खोडक्यांना आलेल्या फुटव्यांत, एक द्रव्य असतें. जनावरानें तें चघळलें कीं पोटांत प्रूसिक आम्ल नांवाचें जहाल विष सुटतें. ह्यालाच आपल्याकडे किरळ लागणें म्हणतात. जनावर धापा टाकतें, थरथरतें, पडतें व कधीं कधीं घटका-अर्ध्या घटकेंत दगावतें. अशा वेळीं गांवठी उपायांत वेळ न घालवितां पशुवैद्यास तात्काळ बोलवावें; त्याजवळ उतारा असतो. पक्व कडब्यांत ही भीति राहत नाहीं.

त्यानंतर एका रब्बींत पुन्हां ओल कमी पडली. बंधूंनीं बुडाकडचा पिवळा पाला तेवढा काढला व वैरणीसाठीं शेजारच्या तालुक्यांतून उंसाचें वाढें विकत आणलें. पैसे गेले त्याची कुरकूर घरांत झाली. माघांत रोज दोन-तीन कणसांचे दाणे काढून तळहातावर बूड पाहणें हें काम माझ्याकडे होतें. काळा ठिपका दिसला त्या दिवशीं मीं घरीं येऊन सांगितलें, तर चुलती विळा घेऊन आधींच उंबऱ्याशीं उभी होती.